काकांच्या नावावर

मालकांचा फोन आला तेव्हा ताई नुकतीच खुर्चीवर टेकली होती. एका हॉस्पिटलमध्ये लिफ्टचं दार फार लवकर मिटलं होतं. वॉकर घेऊन बाहेर पडणारी एक बाई दचकली, तोल जाऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. सेन्सरने दार परत उघडलं खरं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"ती लिफ्ट आपल्या प्रोग्रामवर चालते," मालक म्हणाले. "गेल्या महिन्यात तिथे नवा प्रोग्राम भरलाय. काय घोळ झालाय ते मला आज कळायला हवं. आणि हे बघा, कुणाशी बोलू नका. कुणाशीच."

कंपनी लिफ्ट बनवत नव्हती, लिफ्टचं डोकं बनवत होती. आधी कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, माणसं जास्त झाली तर कधी कुरकुरायचं, हे ठरवणारा प्रोग्राम इथे लिहिला जाई. सगळ्यांचा कोड एकाच सामायिक जागी ठेवलेला असे. तिला सगळे रेपो म्हणत. रेपोत बदल करून तो कायमचा टाकायचा म्हणजे कमिट करायचं. हे कमिट कोणी करावं आणि कोणी करू नये, ते ताईच्या हातात. ती कोडची प्रमुख होती. तिने नियम घालून दिला होता की एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय आत जाणार नाही. त्यावरून लोक कुरकुरत. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ फिरली की फाटक. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

तिने रेपो उघडला. बदल सापडायला वेळ लागला नाही. हॉस्पिटलांसाठीच्या लिफ्टमध्ये दार पाच सेकंद उघडं राहायचं, तिथे आता तीन सेकंद लिहिलेलं होतं. बदल करणाऱ्याचं नाव वाचलं आणि ती मागे टेकून बसली. नाव काकांचं होतं.

काका म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रामर. कंपनी एका खोलीत आणि एका टेबलावर होती तेव्हापासूनचे. लिफ्टचा पहिला कोड त्यांनी लिहिलेला. ताई इथे नवखी म्हणून आली तेव्हा तिला हाताला धरून शिकवलं ते त्यांनी. म्हणूनच तिच्या कडक नियमाला एकच पळवाट होती. काकांचा बदल कुणी तपासायचा नाही, तो थेट आत जायचा. "काकांचं कोण तपासणार?" असं मालक म्हणाले होते, आणि तिनेही हसून मान डोलावली होती.

काका खिडकीशेजारच्या टेबलावर बसत. ताईने जवळ खुर्ची ओढली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. काका स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे तिच्याकडे नाही, तिच्या कानाच्या जरा पलीकडे.

"बाईला फार लागलंय?" त्यांनी विचारलं.

"मनगट मोडलंय. काका, हा बदल तुमच्या नावावर आहे."

"माझ्या नावावर आहे म्हणजे माझाच असणार."

"तुम्ही पाचाचे तीन का केलेत?"

"चुकलं असेल. वय झालं, अगं." ते उठलेच. "मालकांना सांग, चूक माझी. मी कुठे नाही म्हणतोय?"

एवढ्या लवकर कुणी चूक पदरात घेतं का? ताईने काकांशी वर्षानुवर्षं वाद घातले होते. स्वल्पविरामाची चूकसुद्धा ते आधी दुसऱ्याच्या गळ्यात घालून बघत, मग हसत कबूल करत. आज मात्र त्यांनी बदल नीट पाहिलासुद्धा नव्हता.

जागेवर येऊन तिने बदलाची तारीख पुन्हा वाचली. तो दिवस तिला चांगलाच आठवत होता. कंपनीच्या मागच्या आवारात चाचणीसाठी उभारलेला मनोरा होता, आत खरीखुरी लिफ्ट. त्या दुपारी ती आणि काका तिच्यात अडकले होते, दोन मजल्यांच्या मधोमध. आत फोनला रेंज नाही. मेकॅनिक येईपर्यंत दोघं फरशीवर पाय पसरून बसले आणि काकांनी तिला हसवून हसवून बेजार केलं. "लिफ्टचं डोकं बनवणारे लिफ्टमध्येच डोकं धरून बसलेत," असं काहीतरी. आणि नेमक्या त्याच वेळेला, काकांच्या नावाने, हा बदल रेपोत गेला होता.

काका तिच्यासमोर बसलेले असताना काकांच्या नावाने कुणीतरी काम करत होतं.

मालकांना ती समोरासमोर भेटली. केबिनचं दार मालकांनी स्वतः लावलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "हा त्याचाच उद्योग. आपल्याला सोडून गेला ना, तो प्रोग्रामर. तिकडच्या कंपनीत बसून आपल्या लिफ्ट बदनाम करायच्या, म्हणजे पुढचं काम त्यांच्याकडे."

"त्याची परवानगी मी तो गेला त्याच दिवशी बंद केली होती."

"म्हणूनच काकांची वापरली. त्याचा एक दोस्त अजून आपल्याकडेच आहे ना? काकांच्या शेजारी बसतो तो?"

तो म्हणजे बोका. पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा, म्हणून हे नाव पडलेलं. हुशार होता, अबोल होता, आणि सोडून गेलेल्याबरोबर अजूनही चहाला जायचा. लपवून नव्हे, पण सांगूनही नव्हे.

"माझा कुणावर आरोप नाही," मालक म्हणाले. "तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

ताईने आधी हॉस्पिटलांच्या सगळ्या लिफ्टना जुना प्रोग्राम परत पाठवला. मग बाहेर येऊन सगळ्यांची कमिटची परवानगी काढून घेतली, स्वतःची सोडून. कारण दिलं की रेपोची साफसफाई चालली आहे. कुणाचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत ऑफिसची हवाच बदलली. लोक स्क्रीन जरा तिरपे करून बसायला लागले. ती पाणी प्यायला गेली तर तिथलं बोलणं थांबायचं, आणि पुढे उगाच कुणीतरी पंख्याबद्दल बोलायचं.

आणि ती लक्ष ठेवू लागली. एकदा लक्ष ठेवायचं म्हटलं की दिसायला काय, सगळंच दिसतं. बोका दिवसातून कितीतरी वेळा काकांच्या टेबलाशी वाकून उभा असे. तो कानाशी लागून काहीतरी बोले आणि काका मान हलवत. कुणी जवळून गेलं की तो गप्प होई आणि हातातला कागद उलटा करी. एकदा तर काका जागेवर नसताना तो त्यांच्या कीबोर्डवर टाईप करत होता. ताईला पाहून त्याने हात काढून घेतले, चटका बसल्यासारखे.

घरी नवऱ्याने विचारलं, "चेहरा का असा?"

"ऑफिसात कुणीतरी काकांच्या नावाने काड्या करतंय."

"काकांना विचार ना."

"तेच तर खोटं बोलतायत."

हे तोंडातून निघालं आणि तिला स्वतःचाच राग आला. पण ते खरं होतं. काका कुणाला तरी पाठीशी घालत होते. बोक्याला का घालावं? त्याचा त्यांच्यावर काही जुना उपकार होता, की बोक्याच्या हातात त्यांचं काही गुपित? नवऱ्याने ताटात वाढलेलं तिने न बघता खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तिने काकांचे जुने बदल काढून वाचले. प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याने एक ओळ लिहायची असते, काय बदललं आणि का. पूर्वीच्या काकांच्या ओळी म्हणजे तारा होत्या: "दुरुस्त." "पुन्हा दुरुस्त." "आता तरी चाल." गेल्या वर्षभरातल्या ओळी मात्र वेगळ्या होत्या. पूर्ण वाक्यं, नेटकी. "तळमजल्यावर गर्दी असताना वरचे लोक ताटकळत राहत होते, म्हणून क्रम बदलला आहे." कोडही तसाच स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. काका चांगलेच होते, पण त्यांचा कोड म्हणजे कारखान्यातल्या हत्यारांची पेटी; सगळं असायचं, हाताला लागेल तसं. हा कोड घडी घालून ठेवलेल्या कपड्यांसारखा होता.

हे बोक्याचंही वाटत नव्हतं. तिला त्याचा हात माहीत होता. मग कोण? आणि प्रत्येक बदल ऑफिसच्या बाहेरून झालेला, बहुतेक दुपारच्या शांत वेळी.

तरी संशय एकदा ज्याच्यावर बसला त्याच्यावरून उठायला तयार नव्हता. तिने बोक्याला मीटिंगच्या खोलीत बोलावलं.

"काकांचा पासवर्ड तुझ्याकडे आहे?"

तो बघतच राहिला. "काय?"

"त्यांच्या मशीनवर तू काय करत होतास? आणि तुमचं कानात काय चालतं? आणि बाहेर कुणाला भेटतोस ते मला माहीत नाही असं समजू नकोस."

बोका लाल झाला. मोठ्याने बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो आणखी हळू बोलायला लागला, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं.

"ताई, मी मित्राबरोबर चहा पितो. त्याच्या मुलीच्या दुखण्याबद्दल बोलतो. तुम्हाला आणखी काय हवंय? फोन देऊ काढून?"

"मी काकांबद्दल विचारलं."

"मी त्यांना वाचून दाखवतो." तो थांबला. हे बोलायचं नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "मेल, कागद, जे येईल ते. मेलची उत्तरं टाईप करतो. एवढंच. मी शब्द दिलाय, तेव्हा याच्या पुढचं त्यांनाच विचारा."

"वाचून? का?"

"त्यांनाच विचारा," तो म्हणाला आणि उठून गेला. जाताना दार लावलं नाही.

कानाच्या पलीकडे बघणारे काका ताईला आठवले. चहाचा कप उचलताना आधी टेबलावर बोटं फिरवणारे काका. गेल्या वर्षभरात मीटिंगमध्ये "तूच वाच गं, तुझा आवाज बरा आहे" म्हणणारे काका. त्या वेळी तिला ते कौतुक वाटलं होतं.

शनिवारी ती काकांच्या घरी गेली. फोन करून गेली असती तर बरं दिसलं असतं, पण तिने मुद्दामच केला नाही. सावध झालेल्या माणसाला भेटायचं नव्हतं तिला. दार काकांच्या सुनेने उघडलं. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल, केस कसेतरी वर बांधलेले.

"बाबा जरा खाली चक्कर मारायला गेलेत," सून म्हणाली. "येतीलच. आपण?"

ताईने नाव सांगितलं आणि सुनेचा चेहरा उतरला. तिला दारातून बाजूला व्हायला एक क्षण जास्त लागला. तेवढ्या क्षणात ताईला जेवणाचं टेबल दिसलं. त्यावर अर्धवट खाल्लेली केळ्याची वाटी, एक लाकडी ठोकळा, आणि उघडा लॅपटॉप. स्क्रीनवर लिफ्टचा कोड होता.

सुनेने तो मिटायचा प्रयत्न केला नाही. तिने मुलाला खाली सोडलं, ठोकळा हातात दिला आणि खुर्ची पुढे केली.

"बसा. मला वाटलंच होतं कुणीतरी येईल. पोलीस येतील असं वाटलं होतं."

"हे वर्षभर तुम्ही करताय?"

"हो."

"कुणासाठी?"

सुनेला प्रश्न आधी समजला नाही. मग समजला, आणि ती चक्क हसली, पण डोळे भरून आले. "कुणासाठी म्हणजे? बाबांसाठी. बाबांना दिसत नाही हो."

मग तिने सगळं सांगितलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोर बघितलं की तिथेच भोक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. घरात कुणाला सांगायचं नाही असं काकांनी ठरवलं, मुलालासुद्धा नाही. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, महिन्यातून एकदा येणारा. हिला कळलं कारण काका एक दिवस नातवाच्या अंगावर पाय देता देता राहिले. ती स्वतः प्रोग्रामर, मूल झाल्यावर नोकरी सोडलेली. एके दिवशी काका लॅपटॉपला नाक लावून बसलेले पाहिले आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी टाईप करते."

"आधी नुसतं टाईप," सून म्हणाली. "मग ते म्हणायचे, तुला काय वाटतं, कसं करावं? मग हळूहळू सगळंच. बाळ दुपारी झोपलं की मी बसायचे. त्यांच्या नावाने आत जायचं, काम करायचं, बाहेर यायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण दिवसातला तेवढाच वेळ मला मी आहे असं वाटायचं."

"आणि ते तीन सेकंद?"

सूनबाई खाली बघू लागली. "हॉस्पिटलकडून कागद आला होता. बाबांनी तो ऑफिसात कुणालातरी वाचायला द्यायला हवा होता. पण त्या दिवशी म्हणे कुणी जवळ नव्हतं, त्यांनी स्वतःच वाचला. दुपारी मनोऱ्यावर जाण्याआधी मला फोन करून सांगितलं, पाचाचे तीन कर. मी म्हटलं, बाबा, हॉस्पिटल आहे, वेळ कमी का करायचा? तर म्हणाले, त्यांना घाई असते, तू लिही. अपघातानंतर मी तो कागद पाहिला, त्यांनी पाचाचे आठ मागितले होते."

ताईच्या डोळ्यांसमोर तो कागद आला. छापील आकडा, इंग्रजी आठचा. मध्ये डाग घेऊन बघणाऱ्या माणसाला आठाची डावी बाजू दिसली नाही तर उरतो तीन.

"तुम्हाला शंका आली होती."

"आली होती. पण सासऱ्यांना किती वेळा विचारणार?" सून म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आता हिलाही माझा भरवसा वाटत नाही."

जिन्यावर काठीचा आवाज आला. काका आत आले, दारातच थबकले. त्यांना ताईचा चेहरा दिसला नसणार, पण खोलीत कोणीतरी तिसरं बसलंय हे त्यांनी ओळखलं.

"कोण आलंय?"

"मी," ताई म्हणाली.

काका सावकाश येऊन बसले. नातवाने ठोकळा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. काकांनी तो चाचपून हातात घेतला.

"पोरीला यात ओढू नकोस," ते म्हणाले. "तिने माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा."

"काका, वर्षभर आपल्या लिफ्टच्या कोडमध्ये असा माणूस काम करत होता की जो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तुमच्याऐवजी दुसरं कुणी असतं, तर तुम्हीच मला काय करायला सांगितलं असतं?"

"तेच, जे तू करणार आहेस," काका म्हणाले. "पण मला वाटलं होतं, निवृत्तीपर्यंत कसंतरी निभेल. घरी बसलेला आंधळा म्हातारा व्हायचं नव्हतं मला. ऑफिसात मी काका आहे. इथे मी कोण?"

"इथेही काकाच," सून पटकन म्हणाली, आणि मग चुकीचं नातं जोडलं म्हणून स्वतःच गोंधळली. कुणालाच हसू आलं नाही.

सोमवारी ताईने मालकांना सगळं सांगितलं. मालक आधी चिडले, मग घाबरले, मग त्यांनी एक वाट काढली.

"हे बाहेर कशाला सांगायचं? तिकडच्या कंपनीकडे बोट दाखवू. काकांचा पासवर्ड चोरीला गेला म्हणू. खोटं कुठे आहे? दुसऱ्याने वापरलाच होता की."

"चोरीला गेला नाही, दिला होता. आणि आत जायचा रस्ता मी उघडा ठेवला होता. काकांचं तपासायचं नाही हे तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलावली. दुसऱ्या कुणीही तो बदल वाचला असता तर विचारलं असतं, हॉस्पिटलात वेळ कमी का?" ती उठून उभी राहिली. "तुम्ही चोरीचं म्हणालात तर हॉस्पिटलला खरं मी सांगेन."

मालकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आता तिच्यावरही लक्ष ठेवावं लागणार. पण त्यांनी हॉस्पिटलला खरं कळवलं.

बाकीच्यांची परवानगी परत द्यायची होती, काकांची मात्र कायमची बंद करायची होती. काका त्यासाठी स्वतः आले. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. ताईने यादीतलं त्यांचं नाव निवडलं आणि तिचा हात थांबला.

"केलंस का?" काकांनी विचारलं.

"नाही अजून."

"कर गं. मला काही दिसत नाहीये, तू उगाच संकोचतेयस."

तिने केलं. काकांनी खिडकीशेजारच्या टेबलावरून दोन्ही हात फिरवले, खणातला चष्मा काढून खिशात टाकला, आता उपयोगाचा नव्हता तरी. बोक्याने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

वर्षभरातला काकांच्या नावावरचा एकूण एक बदल ताईने आणि आणखी दोघांनी पुन्हा वाचला. तिने तो संशयानेच वाचला, प्रत्येक ओळीत काहीतरी दडलेलं असणार अशा नजरेने. काही सापडलं नाही. ते तीन सेकंद सोडले तर सुनेचं काम चोख होतं. तरी मालक तिला कंपनीत घ्यायला तयार झाले नाहीत. "मागच्या दाराने आलेल्या माणसाला पुढच्या दाराने कसं घ्यायचं?" ताईने एकदा सांगून पाहिलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सुनेला घ्यावं हे तिलाही मनातून पूर्ण पटलं नव्हतं, आणि ते तिने सुनेला प्रामाणिकपणे सांगितलं. सुनेने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग निदान माझं काम कसं होतं ते तरी लिहून द्या. माझ्या नावाने." ताईने लिहून दिलं. त्यात चूकही लिहिली आणि काम कसं होतं तेही. काही महिन्यांनी सुनेला दुसरीकडे नोकरी लागली. दुपारी बाळाकडे आता काका बघतात.

त्याआधी काका त्या बाईला भेटायला हॉस्पिटलात गेले होते. ताई बरोबर होती. बाईचा हात प्लास्टरमध्ये होता; आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, बोलायला फटकळ. काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझ्या डोळ्यांची झाली."

"डोळ्यांची कशाला?" बाई म्हणाली. "तोंडाची झाली. दिसत नाही असं सांगितलं असतंत तर माझा हात जागेवर असता."

काकांनी मान खाली घातली. बाईनेही पुढे ताणलं नाही. ते निघाले तेव्हा मात्र तिने ताईला विचारलं, "तुमच्याकडे आता कोण बघतं हे सगळं? परत कुणी असंच करणार नाही कशावरून?"

ताईने नियम नव्याने लिहिला. त्यात कुणालाच सूट नव्हती, स्वतःलासुद्धा नाही. पासवर्ड दुसऱ्याला देणाऱ्याची परवानगी तिथल्या तिथे जाणार, मग तो कुणीही असो. प्रमुखाचा बदलही दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय आत जाणार नाही. तो दुसरा कोण, हे मशीन ठरवणार. त्याच आठवड्यात तिने दाराच्या वेळेत एक साधा बदल केला आणि तपासायला मशीनने बोक्याला निवडलं.

त्या मीटिंगनंतर बोका तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. तिने माफी मागितली होती. त्याने "ठीक आहे" म्हटलं होतं, आणि ठीक काही झालं नव्हतं. आता तिचा बदल त्याच्याकडे पडून राहिला. सकाळ गेली, दुपार गेली, त्याने हातही लावला नाही. दोन-तीनदा तिने त्याच्या टेबलाकडे पाहिलं. तो शांतपणे दुसरंच काहीतरी वाचत होता. सूड उगवतोय, तिला वाटलं. मुद्दाम अडवून धरलंय, मला इंगा दाखवायचा म्हणून. मालकांकडे जाऊन सांगावं का, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलेलं होतं. मंजुरी नव्हती, एकच प्रश्न होता. वेळ वाढवल्यावर वीज जाऊन परत आली, तर दार कुठल्या वेळेने मिटेल, जुन्या की नव्या?

तिने तीनदा वाचलं. खोच शोधत होती ती त्यात. मग कोड उघडला आणि वीज जाण्याचा भाग तपासला. दार जुन्याच वेळेने मिटलं असतं. तिच्या हातून निसटलं होतं.

तिने दुरुस्ती केली आणि पुन्हा त्याच्याकडे पाठवली. वाट बघत बसली.